लेक खुश आहे का, तेवढं सांगा

विरूपाक्षप्पांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला.

"मॅडम, चाळीस फोटो हायत. ह्यातल्या कंच्या फोटोत माझी लेक खुश हाय, तेवढं सांगा."

मंगळवार होता. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे मनाच्या तक्रारी तपासणारी आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करणारी. गोळ्या लिहून देणारे सायकियाट्रिस्ट वेगळे. राहायला धाराशिवला आहे, दर मंगळवारी उमरग्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ओपीडी घेते. लोक झोप येत नाही म्हणून येतात, छातीत धडधडतं म्हणून येतात, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तरी बरं वाटत नाही म्हणून येतात. लेकीचे फोटो वाचून घ्यायला मात्र कुणी आलं नव्हतं.

मी फोटो बघितले. बाविशीतली मुलगी, हिरवी साडी, हातात चहाचा ट्रे. मुलीचं नाव सुवर्णा. श्रावणात तिला बघायला बसवकल्याणची माणसं आली होती, त्यांचं कापडाचं दुकान. दोन्हीकडून होकार झालेला, साखरपुडा दिवाळीनंतर. सगळ्या फोटोत मुलगी थोडी हसत होती, नजर खाली.

"छान दिसते की," मी म्हणाले. "जरा लाजलीय. पण खुश आहे."

"खात्रीनं?"

"चेहऱ्यावर दिसतंय."

बाहेर सहा पेशंट बसले होते. अप्पांनी मोबाईल खिशात घातला, हात जोडले आणि उठले. दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "म्हणून इचारलं."

मी त्यांना परत बसायला सांगितलं.

(पुढचं सगळं मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

अप्पा बावन्न वर्षांचे, नळदुर्गचे. बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ. वयाच्या पंचविशीपासून लग्नाचे फोटो काढत आलेले. "डोळे तपासले का?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "डोळं बरं हायत. समोरच्याचं नाक दिसतंय, दात दिसत्यात, भुवया दिसत्यात. माणूस कोण ते बी कळतंय. पण त्या सगळ्याचा मिळून अर्थ लागत न्हाय."

त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट त्यांनी मला समजावली. लग्नात लोकांना उभं करून काढायचे फोटो कुणालाही जमतात. न सांगता, माणसं आपापल्या नादात असताना काढायचे ते कँडिड. त्यात हसू चेहऱ्यावर आलं की बटण दाबून चालत नाही, तोवर उशीर झालेला असतो. हसू यायच्या जरा आधी ते ओळखावं लागतं. अप्पांचं हे अंग इतकं चांगलं होतं की लोहारा, तुळजापूर, पार आळंदपर्यंत त्यांना बोलावणी यायची. दीड वर्षापासून ते गेलं होतं. लोहाऱ्याच्या एका पार्टीनं अल्बम परत आणून दिला होता. "अप्पा, आमच्या घरी लग्न झालं का मयत?" असं विचारलं होतं.

"दीड वर्षापूर्वी काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. आवाज पत्ता सांगितल्यासारखा.

गावातल्या फोटोग्राफरला लग्नाबरोबर आणखी एक काम असायचं. हायवेला अपघात झाला की पंचनाम्यासाठी फोटो काढायला त्याला बोलावत. आता सगळ्यांकडं मोबाईल आहेत, तरी जुन्या सवयीनं कधी कधी अप्पांना फोन यायचा. त्या दिवशी दुपारी आला. ट्रक आणि मोटरसायकल. अप्पा गेले, अकरा फोटो काढले. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. स्टुडिओत येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले. सातव्या फोटोत उजव्या हातात अंगठी दिसली. ती मल्लिनाथची होती. शाळेपासूनचा दोस्त.

"मग?"

"मग प्रिंटा काढून दिल्या."

"मग?"

"घरी जाऊन जेवलो."

"काय वाटलं?"

"काय न्हाय," अप्पा म्हणाले. "तवापासून कायच न्हाय. मीच लांब उभा राहून माझा फोटो काढतोय, असं वाटतंय. जेवणाऱ्याचा काढतोय, बोलणाऱ्याचा काढतोय. त्यो जेवतोय, त्यो बोलतोय. मी न्हाय."

ह्याला आमच्याकडं डिपर्सनलायझेशन म्हणतात. सोप्या भाषेत, माणूस स्वतःपासून सुटून बाजूला उभा राहतो. जोराचा धक्का बसला की मन मेन स्विच पाडतं. वायर जळू नये म्हणून पाडलेला तो स्विच. कुणाचा तासाभरात वर येतो, कुणाचा वर्षभर येत नाही. अप्पांच्या मेंदूचा एमआरआय सोलापुरात झाला होता, तो ठीक होता. धाराशिवला मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सायकियाट्रिस्ट सरांकडं त्यांना पाठवलं. सरांनी एक गोळी सुरू केली आणि बाकीचं काम माझ्यावर सोडलं.

मी कामाला लागले ती चुकीच्या टोकाकडून.

माझ्याकडं चेहऱ्यांची कार्डं आहेत. राग, भीती, दुःख, आनंद, किळस, आश्चर्य आणि काहीच भाव नसलेला चेहरा. पेशंटला कार्ड दाखवायचं, त्यानं भाव सांगायचा. कार्डांवरची माणसं परदेशी आहेत. अप्पांनी पहिलं कार्ड हातात घेतलं, तिरकं केलं आणि म्हणाले, "ह्या बाईला लाईट चुकीचा मारलाय. नाकाची सावली बघा की."

"भाव कोणता?"

"भाव म्हणजे?"

पहिल्या दिवशी आनंद सोडून बाकी जवळपास सगळी कार्डं चुकली. मला वाटलं, रोग सापडला. आता शिकवलं की झालं. मी नियम सांगितले. भुवया आतल्या बाजूनं वर गेल्या आणि ओठांची टोकं खाली आली की दुःख. पापण्या ताणल्या आणि ओठ आडवे खेचले की भीती. अप्पांची नजर तयार माणसाची. तीन मंगळवारांत त्यांना सगळी कार्डं यायला लागली. मी खुश झाले, केसपेपरवर 'सुधारणा चांगली' असं लिहिलं.

त्या दिवशी मी एक गंमत केली. त्यांना विचारूनच त्यांचा एक फोटो मोबाईलवर काढला आणि दाखवला. "हे कार्ड सांगा."

अप्पा बराच वेळ बघत राहिले. "हा माणूस चिडलाय कुणावर तरी."

"तुम्ही चिडला होतात?"

"न्हाय. मला कायच नव्हतं."

मी हे केसपेपरवर लिहून घेतलं. त्याचा विचार मात्र केला नाही. तिथं थांबले असते तर महिना वाचला असता.

पुढच्या मंगळवारी अप्पांबरोबर त्यांच्या बायको आल्या. शांताबाई. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"मॅडम, घरात हे आमच्या तोंडाकडं बघत बसत्यात. भुवया मोजत्यात का काय देव जाणे. काल माझ्या आईचा फोन आला, ती पडली म्हणून. मी रडाय लागले. तर हे म्हणतेत, 'ओठ खाली आल्यात. दुःख.' आणि गेले दुकानात निघून."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "बरोबर होतं न्हवं?"

बरोबर होतं. त्यानं माझी मान खाली गेली. मी त्यांना एक पाठांतर दिलं होतं.

"आणि सुवर्णा?" मी विचारलं.

"ती नियमात बसत न्हाय," अप्पा म्हणाले. "ओठ हसत्यात. डोळं हसत न्हाईत. दोन येगळी कार्डं एकत्र केल्यावानी. दिवाळी तोंडावर आली मॅडम. होकार माझ्या तोंडानं गेलाय. ती 'चालंल' म्हणाली, म्या 'हो' म्हणलं. चालंल म्हणजे काय, ते मला तवा बी कळलं न्हाय."

त्या दुपारी मी सरांना फोन केला.

"किती कार्डं बरोबर येतात?" सरांनी विचारलं.

"सगळी."

"मग फोन कशाला केलास?"

"घरी काही उपयोग नाही."

"त्याला स्वतःला काय होतंय, ते त्याला कळतं का?"

"नाही. काही विचारलं तर 'काय न्हाय' म्हणतात."

"मग दुसऱ्याचं कशावरून कळणार? कार्डं बंद कर. आधी तो माणूस जागेवर आण."

सरांचं म्हणणं लोकांना समजेल असं सांगते. घाबरलेला चेहरा समोर आला की आपल्याही पोटात किंचित गोळा येतो, श्वास थोडा अडतो. आपल्या लक्षातही येत नाही इतकं ते बारीक असतं. पण आतून ती खबर येते आणि आपण म्हणतो, हा घाबरलाय. म्हणजे दुसऱ्याचा चेहरा आपण नुसता डोळ्यांनी वाचत नाही, थोडा स्वतःच्या अंगावर वाचतो. ज्याला आपलं अंग आपलं वाटत नाही, आतली खबरच लागत नाही, त्याच्यासाठी समोरचा चेहरा म्हणजे नाक, दात आणि भुवया. ह्याच्या उलटही होतं. काही माणसांना दुसऱ्याचं दुःख आणि आपलं दुःख ह्यातली रेघच सापडत नाही, सगळंच अंगावर येतं. 'मी' जागेवर असला की दोन्ही जमतं. जाणकारांत ह्यावर वाद आहेत, सगळं इतकं सरळ नसतं. पण ओपीडीत वापरण्याइतकं ते खरं आहे.

पुढच्या मंगळवारी कार्डं काढली नाहीत. स्टीलच्या ग्लासात माठाचं पाणी भरून अप्पांच्या हातात दिलं.

"काय होतंय?"

"ग्लास गार हाय."

"ग्लासाचं नाही विचारलं."

"बोटं गार पडल्यात."

"कुणाची?"

अप्पा हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझीच म्हणायची."

"म्हणायची का आहेत?"

"बघून सांगतो," ते म्हणाले, आणि खरंच ग्लास खाली ठेवून, हात पुसून, परत धरून बघितला.

असं आमचं काम सुरू झालं. बाहेरून बघणाऱ्याला हसू आलं असतं. नाडीला हात न लावता छातीतला ठोका लागतो का बघायचं. पायाखालची फरशी सपाट आहे का खडबडीत, ते चप्पल काढून सांगायचं. घरी दिवसातून तीनदा वहीत एक ओळ लिहायची, 'आत्ता माझ्या अंगात काय चाललंय.' पहिल्या आठवड्यात वहीत एकवीस वेळा 'काय न्हाय' होतं. दुसऱ्या आठवड्यात मधेच एक ओळ आली, 'खांदे वर ओढलेले हायत. कधीपास्नं कुणास ठाऊक.' मी ती ओळ सरांना वाचून दाखवली. सर म्हणाले, "आता हळूहळू त्या दुपारकडं जा. घाई करू नकोस."

तीन मंगळवार आम्ही त्या दुपारकडं सरकत गेलो. हे काम घरी कुणी कुणावर करून बघू नये. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "अप्पा, फोटोत काय होतं ते सांगू नका. फोटो काढणारा कुठं उभा होता ते सांगा."

"रोडच्या कडंला."

"पायात काय होतं?"

"चप्पल. डांबर तापलं होतं. खालून चटके येत होते. डिझेलचा वास होता. घसा कोरडा पडला होता. म्या कॅमेरा डोळ्याला लावला. हात..."

"हात?"

"हात थरथरत होता. पण फोटो हलले न्हाईत. म्या कोपर छातीला दाबून धरलं होतं. म्हणजे मला तवाच कळलं होतं मॅडम. अंगठी नंतर बघितली. पण हात आधीच..."

बोलता बोलता त्यांचा उजवा हात हलायला लागला होता. त्यांनी तो डाव्या हातानं धरला नाही. टेबलावर ठेवून त्याच्याकडं बघितलं. मग पोटावर हात नेला.

"इथं कायतरी खाली पडल्यावानी झालं."

"त्याला नाव देता येईल का?"

खालून कंपाउंडर पेशंटची नावं पुकारत होता.

"मल्ल्या गेला," अप्पा म्हणाले. दीड वर्षात त्यांनी हे पहिल्यांदा उच्चारलं होतं, असं मागाहून शांताबाईंनी सांगितलं. मग ते रडले. फार नाही. रुमाल शोधला, सापडला नाही, शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि म्हणाले, "पाणी द्या. गार असंल तर बरं."

पुढच्या मंगळवारी ते वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसले होते. घरी जे घडलं ते त्यांनी क्रमानं सांगितलं.

रविवारी सकाळी सुवर्णा अंगणात ज्वारी निवडत बसली होती. शांताबाई साखरपुड्याच्या साड्यांचं बोलत होत्या. सुवर्णा हसून म्हणाली, "चालंल की, कुठलीबी घ्या." आणि अप्पांच्या पोटात तसंच काहीतरी खाली पडलं. त्यांना कळेना, हे मल्लिनाथचं आहे की आणखी कशाचं. मी त्यांना एक गोष्ट घोटून दिली होती. आधी आपल्यात काय झालं ते बघायचं. मग समोरच्याचं आपणच ठरवून टाकायचं नाही, विचारायचं.

ते उठून लेकीच्या शेजारी जमिनीवर बसले.

"सुवर्णा, मला पोटात कसंतरी झालं आत्ता. हे माझंच हाय का तुझं बी कायतरी हाय?"

पोरीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ती रडायला लागली ती थांबेना.

मुलाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिला उमरग्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता, फॉर्म आणून ठेवला होता. पण ते मोठं कारण नव्हतं. ती म्हणाली, "अप्पा, दीड वर्ष झालं, तुमी माझ्याकडं बघितलं की मला वाटतंय, तुमी चिडलाय. मी काय चुकले, तेच कळत न्हाय. मी घरात नकोय तुमाला. मग म्हणलं, जाऊ. कुठं का असंना, जाऊ."

अप्पा हे सांगत होते तेव्हा मी केसपेपर मागं उलटला. 'हा माणूस चिडलाय कुणावर तरी.' माझ्याच अक्षरात होतं. भाव निघून गेलेला चेहरा बघणाऱ्याला रिकामा दिसत नाही, बहुतेकदा रागीट दिसतो. हे मी शिकलेली होते, परीक्षेत लिहिलेलं होतं. अप्पांनी स्वतःचा फोटो बघून मला तेच सांगितलं, तरी घरात तो चेहरा रोज कोण बघत असेल, हा प्रश्न मला पडला नाही. आणि सुवर्णा खुश आहे, हे मीच पहिल्या दिवशी दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले होते. माझ्या अंगात त्या दिवशी काय चाललं होतं? बाहेर सहा पेशंट होते, मला घाई होती. मला ती खुश असायला हवी होती.

मी अप्पांना तसं सांगितलं. "त्या दिवशी मी चुकले."

"व्हय," अप्पा म्हणाले. "पण मला तरी कुठं कळत होतं?"

साखरपुडा झाला नाही. अप्पा स्वतः बसवकल्याणला गेले, माफी मागितली, दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर बघू म्हणाले. त्या माणसांनी थांबायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं.

आठवड्यानं शांताबाई एकट्याच आल्या. नंबर न लावता सरळ आत.

"मॅडम, म्या ह्यांना बरं कराय धाडलं होतं का सोयरीक मोडाय?"

मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"दीर बोलत न्हाईत आता आमच्याशी. बसवकल्याणची माणसं म्हणत्यात, बापाच्या डोक्यात फरक हाय. पोरीचं पुढं कसं हुणार? तुमी येणार का स्थळ बघाय?"

"तुम्ही रागावलात ते बरोबर आहे," मी म्हणाले.

"लई रागावले." त्या खुर्चीच्या काठावर टेकल्या. पदरानं चेहरा पुसला. थोड्या वेळानं वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "परवा ह्यांनी मला इचारलं, तू दमलीस का. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. अपघाताच्या आधी बी कधी इचारलं न्हवतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणले, व्हय." आणि उठून गेल्या. राग होताच. जाताना दार आपटलं.

सुवर्णानं कोर्सला नाव घातलं. सकाळच्या बसनं उमरग्याला येते. अप्पा पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. काही दिवस अजूनही ते लांब जाऊन उभे राहतात, मग वही काढतात. अपघाताच्या फोटोंचं काम बंद केलंय. लग्नं घेतात, पण मोजकी. कँडिड पूर्वीसारखं येत नाही असं स्वतःच म्हणतात. दहातले चार साधतात. लोहाऱ्याची पार्टी परत आली नाही.

गेल्या महिन्यात ते फॉलोअपला आले होते. गोळी बंद करायची की नाही, हे सरांना विचारायचं होतं. मी प्रश्न विचारत होते, लिहून घेत होते. मधेच अप्पा म्हणाले, "मॅडम, तुमाला कसली काळजी लागलीय?"

"मला? नाही."

"मग माझंच असंल," ते सहज म्हणाले आणि झोपेबद्दल सांगायला लागले.

ते गेल्यावर मी पेन खाली ठेवलं. सकाळी आईची बायोप्सी सोलापूरला पाठवली होती. रिपोर्ट यायचा होता. मी सकाळपासून नऊ पेशंट बघितले होते आणि मला काहीच होत नाहीये असं समजत होते. दहावा पेशंट मी कंपाउंडरला दहा मिनिटं थांबवायला सांगितला.

चेहऱ्यांची कार्डं अजून माझ्याकडं आहेत. कधी कधी लागतात. पण पहिल्या भेटीत काढत नाही. आधी पेशंटला विचारते, तुम्हाला आत्ता काय होतंय. ओपीडीची पहिली हाक मारायच्या आधी हाच प्रश्न स्वतःलाही विचारते. दर वेळी उत्तर येतंच असं नाही. पण ज्या दिवशी उत्तर येत नाही, त्या दिवशी मी कुणाच्याही चेहऱ्याबद्दल मत देत नाही.